आधी वारा, मग रंग
घरातल्या हौशी रंगकामासाठी पहिला एअरब्रश आणि कॉम्प्रेसर

श्रावण अर्धा झाला की बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून रंगांच्या बाटल्या बाहेर निघू लागतात. कोणी घरच्या शाडूच्या गणपतीला स्वतः रंग देण्याचा बेत करतो, कोणी गौरींच्या मुखवट्यांना उजाळा देऊ म्हणतो. आणि गणपतींचे विसर्जन झाले की चिरंजीवांना दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळ्यांचे वेध लागतात. ह्या हौशी मंडळींच्या हाती अलीकडे एक हत्यार येऊ लागले आहे. दिसायला ते जाडसर फाउंटन पेनासारखे. पाठीवर रंगाची इवलीशी वाटी, पोटाखाली हवेची नळी आणि बोटाखाली एक खटका. खटका दाबून मागे ओढला की टोकातून रंगाचे धुके निघते. ह्यालाच एअरब्रश म्हणतात. मूर्तिकारांच्या कारखान्यांत अंगाचा रंग फवाऱ्याने देण्याची रीत आता रुळून गेली आहे. तिचेच हे घरगुती आणि नाजूक रूप समजावे.

हत्यार घरी येते ते मोठ्या उत्साहाने. परंतु पुष्कळदा दिवाळी यायच्या आतच ते माळ्यावर जाऊन पडते. रंग शिंतोड्यांनी उडतो, मध्येच पाण्याचा थेंब पडून गणपतीच्या गालावर डाग उठतो, सुई अडकते. मग चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःविषयी निकाल देऊन मोकळा होतो, की आपल्या हातात कला नाही. एवढ्या लहान वयात असा निकाल मनात बसला म्हणजे तो सहसा फिरत नाही, आणि खरे नुकसान होते ते येथे. पैशाचे नुकसान त्यापुढे काहीच नव्हे. वस्तुतः बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, वाऱ्याचा असतो. हवा ओली असते, धडधडत येते, किंवा तिचा दाब कमीजास्त होत राहतो. म्हणून ज्यांना हा छंद घरात आणावयाचा आहे त्यांनी एकच सूत्र ध्यानात ठेवावे: आधी वारा, मग रंग.

थोडा इतिहास

ह्या साधनाचे मूळ अमेरिकेतले. १८७६ साली फ्रान्सिस स्टॅन्ले ह्या गृहस्थांनी रंग फवारण्याच्या एका साधनाचे पेटंट घेतले. वाफेच्या मोटारींमुळे पुढे ज्यांचे नाव झाले तेच हे. १८७९ मध्ये ॲबनर पीलर ह्यांनी सुट्या भागांची जुळवाजुळव करून एक यंत्र बनविले; त्याला हवा पुरवावयाची ती हाताने पंप चालवून. लिबर्टी वॉकप ह्यांनी ते ‘एअर ब्रश’ ह्या नावाने बाजारात आणले आणि इलिनॉय संस्थानातील रॉकफर्ड गावी ते शिकविण्याची शाळाही चालविली. पुढे १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात चार्ल्स बर्डिक ह्यांचा पेनासारखा एअरब्रश लोकांपुढे आला. आज आपल्या हाती येणारे एअरब्रश त्याच घराण्यातले. ह्याच प्रदर्शनात राजा रविवर्मा ह्यांचीही चित्रे मांडली गेली होती. आणि त्याआधी थोडीच वर्षे त्यांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी पौराणिक चित्रे रंगविली होती, हे येथल्या वाचकांना सांगावयास नको.

छायाचित्रांवर हात फिरविण्यासाठी एअरब्रश जगभर वापरला गेला. जुन्या घरांच्या बैठकीत पणजोबांची मोठी केलेली तसबीर असते. तिच्यात खांद्याखालचा भाग हळूहळू विरत कोऱ्या कागदात मिसळून गेलेला दिसतो. मागची खोली, खुर्ची, पडदा सारे नाहीसे झालेले असते. ही विरती छटा कोठे डार्करूममध्ये, कोठे कुंचल्याने, तर कोठे एअरब्रशने साधत. कडा न दाखविता एक रंग दुसऱ्यात मिळवून देणे हेच ह्या हत्याराचे खरे सामर्थ्य. शिवाय १८९० साली सयाजीराव महाराजांनी ज्या शहरात कलाभवन काढले, आणि जेथे दादासाहेब फाळके चित्रकला व फोटोग्राफी शिकले, त्या शहरात यंत्र आणि कला ह्यांची सोयरीक नवी नाही.

ब्रश कोणता घ्यावा

एअरब्रशच्या पोटात एक लांब, निमुळती सुई असते. तिचे टोक पुढच्या बारीक छिद्रात, म्हणजे नोझलमध्ये, घट्ट बसलेले असते. सुई मागे सरली की छिद्र उघडते, वाऱ्याच्या ओढीने रंग बाहेर येतो आणि त्याचे तुषार होतात. साध्या जातीत खटका दाबला की हवा आणि रंग दोन्ही एकदमच सुटतात. दुहेरी खटक्याच्या जातीत तो खाली दाबला म्हणजे केवळ हवा सुटते आणि मागे ओढला म्हणजे त्या प्रमाणात रंग येतो. शिकावयास दुहेरी जात थोडी अवघड वाटते. तरी पहिलाच ब्रश ह्या जातीचा घ्यावा. साधा घेतला तर वर्षभरात दुसरा घ्यावा लागतो.

रंगाची वाटी वरच्या बाजूस असलेली बरी. रंग आपल्याच भाराने खाली उतरतो, दाब कमी लागतो आणि चार थेंब रंगातही काम भागते. खाली बाटली लोंबणारी जात मोठ्या कामास ठीक. नोझलचे छिद्र ०.२, ०.३, ०.५ मिलिमीटर अशा मापांचे मिळते. पहिल्यासाठी ०.३ घ्यावे. ०.२ ने रेघ बारीक येते खरी, परंतु ते क्षणोक्षणी तुंबते आणि नवशिक्याचा धीर खचविते. सोनेरी-चंदेरी रंग व अस्तराचा हात ह्यांसाठी ०.५ सोयीचे.

कॉम्प्रेसर: खर्च करावा तो येथे

ब्रश मध्यम असून हवा उत्तम असेल तर काम चांगले होते. ब्रश अत्युत्तम आणि हवा वाईट असेल तर होत नाही. म्हणून हाती जे पैसे असतील त्यांतला मोठा वाटा कॉम्प्रेसरवर घालावा.

प्रथम काय घेऊ नये ते सांगतो. दाबून भरलेल्या वायूचे डबे मिळतात. डबा वापरता वापरता थंड पडतो, त्यासरशी दाब उतरतो, आणि ऐन कामात फवारा मरतो. मोटारीच्या चाकात भरलेली हवा नळी जोडून वापरण्याचीही एक युक्ती आहे. एकदा गंमत म्हणून ती ठीक, पण चाकातली हवा उतरत जाते तसा रंगही बदलत जातो. पंक्चरवाल्याकडचा मोठा कॉम्प्रेसर कमालीचा आवाज करतो, आणि त्याच्या हवेबरोबर तेलाचा अंश आला तर रंग पृष्ठभागावर न बसता जागोजागी फाटतो.

घरासाठी तेलाविना चालणारा, दट्ट्याचा लहान कॉम्प्रेसर घ्यावा, आणि त्याला टाकी असावी. तीन लिटरची टाकी पुरते. टाकीचे महत्त्व असे की दट्ट्या खालीवर होतो तसा हवेचा एकेक झटका निघतो. टाकी नसेल तर तो झटका नळीतून थेट ब्रशपर्यंत पोहोचतो आणि कागदावरची रेघ मण्यांच्या माळेसारखी उमटते. टाकीत हे झटके जिरतात. टाकी भरली की मोटार आपोआप बंद होते आणि दाब उतरला की पुन्हा सुरू होते. ह्या लहान यंत्रांत साधारणपणे चौरस इंचास ४३ पौंडांच्या सुमारास मोटार चालू होते आणि ५७ च्या सुमारास थांबते. मधल्या वेळात तिला विश्रांती मिळते. बिनटाकीची मोटार सारखी धावत राहून तापते. मिनिटाला वीस लिटरांच्या आसपास हवा देणारा पंप एका ब्रशास पुरा पडतो.

टाकीतला दाब थेट ब्रशला द्यावयाचा नसतो. मध्ये रेग्युलेटर असतो. त्याची कळ फिरवून हवा तेवढाच दाब पुढे सोडता येतो. रंगकामाला चौरस इंचास १५ ते २५ पौंड पुरे. स्कूटरच्या पुढच्या चाकात हवा असते त्याच सुमाराचा हा दाब आहे. बारीक रेघेला १० ते १५ देखील चालतो. येथे एक बारकावा आहे. खटका न दाबता काटा २० वर ठेवला तर हवा सुटताक्षणी तो खाली घसरतो. म्हणून हवा वाहत असतानाच काटा पाहून दाब ठरवावा.

मांडणी

यंत्र जमिनीवर किंवा भक्कम पाटावर, रबराच्या पायांवर ठेवावे. भिंतीला टेकवू नये. टेकविले तर जुन्या वाड्यात त्याची घरघर शेजारच्या खोलीत ऐकू जाते. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला प्लग वापरावा. मग क्रमाने जोडावे: टाकीला रेग्युलेटर, त्यालाच पाणी अडविणारी पारदर्शक कुपी, कुपीला नळी आणि नळीच्या टोकाला ब्रश. ज्या सांध्यांना रबरी वॉशर नाही तेथे नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेफ्लॉनची फीत गुंडाळावी. नंतर टाकी पूर्ण भरू द्यावी आणि हात न लावता दहा मिनिटे थांबावे. तेवढ्यात मोटार आपली आपणच पुन्हा सुरू झाली तर हवा कोठे तरी गळते आहे असे समजावे. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावले की गळतीच्या जागी बुडबुडे येतात.

पाऊस आणि उन्हाळा

आता आपल्याकडच्या हवेविषयी. परदेशी पुस्तकांतून ह्याविषयी फारसे सापडत नाही, आणि आपल्याकडचे निम्मे काम बिघडते ते ह्यामुळेच.

भाद्रपदात हवेत भरपूर बाष्प असते. हवा दाबली की तिच्यात बाष्प धरण्याची जागा कमी होते आणि जास्तीचे पाणी सुटते. हिशेब करून पाहावा. तीस अंशांची दमट हवा ओढत पंप अर्धा तास चालला, तर सुमारे सहाशे लिटर हवा आत जाते. ती टाकीत दाबून थंड झाली म्हणजे तिच्यातून दहा ग्रॅमच्या आसपास पाणी निघते, म्हणजे चहाचे दोन चमचे! हे पाणी टाकीच्या तळाशी साचते. खाली एक लहान तोटी असते ती प्रत्येक बैठकीनंतर उघडून पाणी काढून टाकलेच पाहिजे, नाही तर टाकी आतून गंजते.

तरीही सगळे पाणी टाकीतच राहत नाही. पंपातून निघालेली हवा गरम असते. ती नळीतून जाता जाता निवते आणि तेथे पुन्हा थेंब धरतात. म्हणून पावसाळ्यात ब्रशच्या अगदी खाली, नळीच्या शेवटाला, दुसरी लहान कुपी बसवावी. टाकी भरल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून काम सुरू करावे, आणि मूर्तीकडे वळण्यापूर्वी एकदा कोऱ्या कागदावर नुसती हवा सोडून पाहावी. थेंब उडावयाचा असेल तर तो कागदावर उडो.

वैशाखात नेमके उलट. हवा गरम व कोरडी. रंग सुईच्या टोकावरच वाळून बसतो. रेघ तुटू लागते, आणि मग एकाएकी गुठळी उडते. अशा वेळी रंगात तो वाळण्यास विलंब लावणाऱ्या द्रवाचा थेंब मिसळावा, आणि दर दोन-चार मिनिटांनी ओल्या मऊ कुंचल्याने सुईचे टोक पुसावे. छताचा पंखा बंद ठेवावा लागतो हे मात्र खरे. एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटेचेच.

रंग किती पातळ करावा

ॲक्रिलिकचे पाण्यात मिसळणारे रंग घरासाठी उत्तम. तो साय काढलेल्या दुधाइतका पातळ असावा. वाटीच्या कडेवरून ओघळला की मागे पातळ पापुद्रा राहिला पाहिजे. पाण्यासारखा झाला तर कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात. दाट राहिला तर खडबडीत दाणा पडतो. प्रत्येक रंग मलमलीच्या फडक्यातून गाळूनच वाटीत घालावा.

शाडूच्या मूर्तीला थोडे जपावे. कच्ची माती पाणी पिते. एकाच जागी ओला फवारा धरला तर माती भिजून पापुद्रा सुटतो. हात हलके, अनेक, आणि प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा असे द्यावेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली विसर्जनाविषयी सुधारित सूचना काढल्या. नैसर्गिक माती आणि निर्विष, नैसर्गिक रंग ह्यांवर त्यांचा भर आहे. परंतु गेरूसारख्या मातीच्या रंगांचा कण जाड असतो व तो ०.३ च्या छिद्रात हमखास अडकतो. असे रंग वापरणाऱ्यांनी ते दोनदा गाळून ०.५ च्या नोझलने द्यावेत, नाही तर सरळ कुंचलाच घ्यावा. गेरूला तो शोभतोही.

सराव आणि सफाई

पहिले पंधरा दिवस मूर्तीला वा मावळ्याला हात लावू नये. जुन्या वर्तमानपत्रावर नुसत्या पाण्यात कालविलेली शाई घेऊन बसावे. आधी ठिपके, मग ठिपके जोडणाऱ्या रेघा, मग एका टोकाला जाड व दुसऱ्याला बारीक होत जाणारे फटकारे, आणि शेवटी गडदाकडून फिक्याकडे जाणारी पट्टी. हात हलू लागल्यावर रंग सुरू करावा आणि रंग बंद केल्यावर हात थांबवावा. हवा मात्र आधीपासून नंतरपर्यंत चालूच ठेवावी. ह्या एका सवयीने रेघेच्या दोन्ही टोकांना पडणारे डाग जातात.

सफाईचे नियम थोडे, पण मोडता न येणारे. रंग बदलताना वाटी धुऊन स्वच्छ पाणी फवारून काढावे. बैठक संपली की तोंडाशी फडके धरून खटका अलगद दाबावा. हवा उलटी फिरून वाटीत बुडबुडे येतात आणि अडकलेला रंग सुटतो. मग सुई काढून जाडीकडून टोकाकडे पुसावी, उलट कधीही नाही. सुईचे टोक वाकले तर फवारा एका बाजूला झुकतो आणि तो पुन्हा सरळ करणे फार जिकिरीचे. नोझल दाण्याएवढा असतो; तो किल्लीने आवळताना ताकद लावू नये, त्याचे आटे तुटतात. सारा ब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नये; आतील रबरी वॉशर त्याने खराब होतात.

श्वासाची काळजी

घरातल्या वडीलधाऱ्यांनी येथे विशेष लक्ष घालावे. पाण्यात मिसळणारा रंग म्हणून तो निर्धोक असा समज आहे, तो चुकीचा. प्यायला नव्हे, श्वासात ओढायलाही तो नव्हे. फवाऱ्याचे सूक्ष्म कण बराच वेळ हवेत तरंगतात आणि थेट छातीत जातात. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाहीत. एन ९५ जातीचा मास्क नाकावर नीट बसवून घालावा, खिडकी उघडी ठेवावी, आणि जमल्यास खिडकीकडे हवा ओढणारा पंखा बसवावा. शिसे वा कॅडमियम असलेले रंग फवारू नयेत. थिनरवर चालणारे रंग घरात नकोतच: त्यांच्या वाफेला हा मास्क पुरत नाही, आणि ती वाफ निरांजनाच्या, गॅसच्या किंवा मोटारीच्या ठिणगीनेही पेट घेते. देवघर आणि स्वयंपाकघर ह्यांपासून रंगकामाची जागा दूर असावी. लहान मुले खोलीत नसावीत, आणि हवेची तोटी कोणाच्याही डोळ्या-कानाकडे रोखू नये.

एवढे सगळे जमल्यावरही एक काम ह्या यंत्राचे नव्हे. मूर्तीच्या गालावरची लाली, सोंडेच्या वळणातली सावली, पीतांबराच्या घड्यांतली छटा ह्या एअरब्रशने जशा उतरतात तशा कुंचल्याने क्वचितच. परंतु डोळ्यांची आखणी बारीक कुंचल्यानेच करावी लागते. कारखान्यांतूनही अंगरंग फवाऱ्याचा असला तरी आखणीला सराईत हातच बसतो. मुलांना दोन्ही शिकवावे.

शेवटी मुहूर्ताविषयी. यंदाच्या गणपतीसाठी म्हणून ऐन श्रावणात यंत्र आणण्याची घाई करू नये. ते दिवाळीनंतर, मार्गशीर्षाच्या सुमारास आणावे. आपल्याकडे तेव्हा हवा कोरडी पण सौम्य असते. पाणी छळत नाही आणि रंग टोकावर वाळतही नाही. शिकणाऱ्याला ह्याहून चांगले दिवस मिळावयाचे नाहीत. थंडीत ठिपके-रेघा, वैशाखात पहाटेचा सराव, आषाढात पाण्याशी गाठ अशी तिन्ही ऋतूंची ओळख झाली, की भाद्रपदात शाडूची मूर्ती पुढ्यात घ्यावयास हरकत नाही. तोवर टाकीचे पाणी काढण्याची सवयही अंगवळणी पडलेली असेल.